पाटावरचे दोन गेज

मुर्रीत राहांगडाल्यांच्या अंगणात दोन ट्रक उभे राहत. रस्त्याच्या अंगाला निळ्या कॅबिनचा, तो थोरल्या धनलालचा. त्याच्या पलीकडे, जांभळाच्या सावलीत, चार वर्षांनी नवा, तो धाकट्या तिलकचा. दोघे भाऊ आपापला ट्रक स्वतःच चालवत. गोंदियाच्या राईस मिलमधून तांदूळ भरायचा, रायपूरला नाहीतर नागपूरला उतरवायचा आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचं, असा दोघांचा धंदा. बाप होता तोवर ट्रक सामाईक होते. बाप गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा शेताच्या बांध्यांवरून जेवढी कुरकुर झाली तेवढीही ट्रकांवरून झाली नाही. कारण धनलाल आधीच बोलून बसला.

"मले जुनाच द्या. माहा हात बसला आहे त्याच्यावर."

असं म्हटल्यावर पंच म्हणतील, नाही बा, तू थोरला, नवा तूच घे. तिलकही म्हणेल. मग आपण दोनदा नको म्हणू आणि तिसऱ्यांदा घेऊ. धनलालचा हिशेब असा होता. पण पंचांना जेवायची घाई होती, आणि तिलक म्हणाला, "जशी तुही मर्जी, दादा."

ती गोष्ट धनलालच्या मनातून गेली नाही. तिलकचा ट्रक सकाळी एका झटक्यात सुरू झाला की त्याच्या कपाळावर आठी पडे. त्यातून आई, सुमित्राबाई, वाटणीनंतर तिलकच्या चुलीवर जेवू लागली. तिचं कारण साधं होतं. धनलालची बायको प्रेमिला भाजीत तिखट जास्त टाकायची आणि म्हातारीला ते सोसत नव्हतं. धनलालला मात्र ते कारण कधी पटलं नाही.

दसऱ्याला त्या घरात एक रीत होती. बापाच्या वेळी पाटावर नांगराचा फाळ ठेवत. फाळ जमिनीच्या पोटात जातो, पोटातलं लोखंड पुजायचं, असं म्हातारा सांगे. नांगर गेला, ट्रक आले, पण सुमित्राबाईनं रीत सोडली नाही. जॅक, पाने, टामी हे सारं बाहेरचं लोखंड, ते बाजूला ठेवायचं. पाटावर ट्रकच्या पोटातलंच काहीतरी आलं पाहिजे. इंजिन काही पाटावर येत नाही, म्हणून दोघे भाऊ गेज काढून आणत. गेज म्हणजे इंजिनातलं ऑईल मोजायची लोखंडी पट्टी. ती नळीतून ओढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची. ऑईल कुठवर लागलं ते खालच्या दोन खुणांवरून कळतं. वर्षातून एक दिवस हे दोन गेज हळदीकुंकू लावून, झेंडूच्या फुलात, पाटावर शेजारी शेजारी निजत.

२००७ च्या दसऱ्याला संध्याकाळी धनलाल ते परत लावायला गेला, तेव्हा पाटाजवळ कोणी नव्हतं. त्याचा गेज काळवंडलेला, मधे किंचित वाकलेला, वरची कडी तुटल्यामुळे तांब्याच्या तारेचं वेटोळं केलेला. तिलकचा सरळ, चकचकीत, पिवळ्या कडीचा. धनलालनं दोन्ही हातात घेतले, एकदा घराकडे पाहिलं आणि पिवळ्या कडीचा आपल्या ट्रकमध्ये घातला. नीट बसला. तारेचा तिलकच्या ट्रकमध्ये घातला. तोही बसला. गेज म्हणजे गेज. ट्रक दोन्ही एकाच कंपनीचे. थोरल्याचा एवढा मान तर राहिलाच पाहिजे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. रात्री जेवताना त्याला फार बरं वाटलं. तिलक दुसऱ्या दिवशी फेरीवर गेला, परत आला, काही बोलला नाही. म्हणजे त्याच्या लक्षातच आलं नाही.

दिवाळी झाली आणि धनलालचा ट्रक ऑईल पिऊ लागला.

सकाळी गेज ओढला की कोरडा. ऑईल ओतून वरच्या खुणेपर्यंत आणायचं. रायपूरला जाऊन आलं की पुन्हा कोरडा. मागे निळा धूर सुटे, इंजिनाच्या अंगावर तेलाचा थर चढे, गाडी उभी केली त्या जागी काळे ठिपके पडत. डबा संपला की दुसरा डबा. धनलाल आयुष्यभर डिझेल मोजत आला होता, आता ऑईलही मोजायची पाळी आली.

"धान खाल्लेल्या बैलावानी पिऊन राहिला तुमचा ट्रक," प्रेमिला म्हणाली. "त्याले विचारा त खरं, एकदम तहान काऊन लागली."

"जुना आहे. जुन्याले लागतेच."

"मंग तिलकभाऊजीच्या ट्रकले काऊन लागत नाही? तोही काई काल पैदा नाही झाला."

हेच तर दुखणं होतं. तिलकचा ट्रक ऑईलचा थेंब मागत नव्हता. पूर्वी महिन्याकाठी थोडंफार ओतावं लागे, आता तेही बंद. तिलक गेज ओढून पाहायचा आणि हसत आत ठेवायचा. सुमित्राबाईनं तर अंगणात सर्वांसमोर म्हटलं, "तिलकचा ट्रक माह्या मालकावर गेला. कमी खाते आन् मुकाट्यानं राबते." धनलाल तेव्हा आपल्या ट्रकखाली झोपून तेलाचे ठिपके पुसत होता. त्याला वर येववेना.

तिलक मागच्या अंगणात लपून ऑईल ओतत असावा, असाही संशय धनलालला आला. सकाळी तिलक उठायच्या आत तो त्याच्या ट्रकखाली वाकून पाहू लागला. माती कोरडी. इंजिन कोरडं. त्याचा गेज ओढून पाहावा, असं दोनतीनदा मनात आलं, पण ओढला असता तर ते तांब्याचं वेटोळं हातात आलं असतं. धनलालला ते पाहायचं नव्हतं.

एकदा तिलक म्हणाला, "दादा, देवरीपुढच्या चढावर ऑईल प्रेशरचा काटा थोडा पडते माहा. कायले पडत असन?"

"काटे खोटे असतात," धनलाल म्हणाला. त्याला आत कुठेतरी गारवा वाटला. चला, त्यालाही काहीतरी झालं.

फुलचूर नाक्यावरच्या एका मिस्त्रीनं धनलालच्या ट्रकचा धूर पाहून दुरूनच निकाल दिला. रिंगा गेल्या. हाफ इंजिन करा. म्हणजे इंजिन अर्धं खोलायचं, पिस्टनच्या रिंगा, लाईनर सारं बदलायचं. खर्चाचं एक होतं, पण त्याहून वाईट म्हणजे ट्रक तीन-चार आठवडे उभा राहणार, तोही ऐन हंगामात. आणि त्याच दिवसांत मिलच्या मुनिमानं सांगितलं होतं की शेठ यंदा एकच ट्रक कामाला बांधून घेणार आहेत. सरकारी गोदामाचा तांदूळ, हंगामभर रोजचं काम, रस्त्यावर माल शोधत फिरायला नको.

"तुम दोनों भाई में से जिसकी गाड़ी ठीक चले," मुनीम म्हणाला. "धुआँ छोड़ने वाली मेरे गेट पे मत लाना. बोरों को बास लगती है."

दोघांमध्ये एकच काम. धनलालला वाटलं, हेही वाटणीसारखंच होणार. आपण उभे, तिलक चालता. ट्रक उभा केला तर काम तिलकला जाणार आणि नाही केला तर धुरामुळे जाणार.

म्हणून तो कुडव्याला श्यामलालकडे गेला. श्यामलाल मिस्त्री गोंदियातला जुना माणूस, बोलायला तिरसट. कोणतंही इंजिन खोलण्याआधी तो इतका वेळ घ्यायचा की घाईतले ट्रकवाले त्याच्याकडे जातच नसत. गाडी आत घेतल्या घेतल्या त्यानं विचारलं, "रिंगा गेल्या, हे कोनं सांगितलं?"

"फुलचूर नाक्यावाल्यानं."

"त्यानं पाह्यल्या?"

"धूर पाह्यला."

"मंग त्याले धूरच बदलू दे."

श्यामलालनं आधी इंजिन डिझेलनं धुऊन काढलं आणि सांध्यांवर चुन्याची भुकटी मारून गाडी थोडी फिरवून आणायला लावली. ऑईल कुठून गळत असेल तर चुना तिथेच काळा पडतो. सांधे पांढरेच राहिले. इंजिनाचा वाफारा बाहेर टाकणारी जी नळी असते, तिच्या तोंडाशी तेवढा काळा ओघळ होता. त्यानं रेडिएटरचं झाकण काढून पाण्यावर तवंग आहे का पाहिलं. नव्हता. हवेच्या टाकीची तोटी सोडली. ब्रेकसाठी हवा भरणारा पंप झिजला की ऑईल तिथे जाऊन बसतं, पण टाकीतून नुसतं पाणी आलं. मग चालू इंजिनावर ऑईल भरायचं झाकण उघडून तळहात धरला. रिंगा गेल्या असत्या तर तिथून भसाभसा गॅस आला असता.

"दम आहे इंजिनात," श्यामलाल म्हणाला. त्याला ते आवडलेलं दिसलं नाही. "मंग हे पिते कायले?"

"तेच त तुले विचाराले आलो."

"तू ओततो किती?"

"गेज भरेपर्यंत."

"गेज भरेपर्यंत म्हणजे किती?"

श्यामलालनं खालचा नट सोडून सगळं ऑईल घमेल्यात काढलं आणि डब्यानं मोजलं. सकाळीच धनलालनं गेज वरच्या खुणेपर्यंत भरला होता. इंजिनात मावायचे तेवढे डबे मोजून झाले तरी घमेल्यात ऑईल उरलंच. श्यामलालनं एकदा धनलालकडे पाहिलं. मग नट लावला आणि त्या इंजिनाला कंपनीनं जेवढं सांगितलं आहे तेवढंच ऑईल डब्यानं मोजून आत ओतलं. थोडा वेळ जाऊ दिला. गेज पुसला, घातला, काढला.

गेज कोरडा होता.

"पाह्य," श्यामलाल म्हणाला. "पेट भरा है और ये बोलता है भूखा है. इंजिन नाही बिघडलं बा तुहं. हा गेजच याचा नाही. दोन बोटं आखूड आहे. तू याच्या भरवशावर ओतत गेला आन् इंजिन जास्तीचं ऑईल थुकत गेलं. धुरातून थुकलं, नळीतून थुकलं. त्याले जेवढं पाहिजे तेवढंच त्यानं ठेवलं. तू फिरून ओतलं."

धनलाल गेजच्या पिवळ्या कडीकडे पाहत राहिला.

"याचा असली गेज कोठं आहे?"

"हरवला असन," धनलाल म्हणाला.

"हरवला त ठीक. कोनाच्या इंजिनात गेला असन त त्याचं मरण आहे. लांब गेज आखूड इंजिनात. थेंबभर ऑईल असलं तरी भरलं भरलं सांगन. तो बिचारा खुश असन, का माही गाडी काई पितच नाही." श्यामलाल हात पुसत हसला. "मंग एक दिवस चढावर लोड घेऊन जाईन आन् इंजिन जाम."

तिलक त्या दिवशी सकाळी भरलेला ट्रक घेऊन रायपूरला निघाला होता. आमगाववरून देवरी, आणि देवरीपुढे चढ.

धनलाल टपरीवर जाऊन बसला. चहा सांगितला. मोबाईल त्याच्या खिशात होता. त्यानं तो काढला नाही.

त्या चहाच्या वेळात त्याच्या मनात काय काय आलं, ते त्यानं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही, पण ते सगळं सरळ होतं. इंजिन जाम झालं तर जीव जात नाही. ट्रक जागेवर थांबतो, एवढंच. मग तिलकचा ट्रक उभा आणि आपला चालता. मिलचं काम आपलं. आई अंगणात काय म्हणेल ते एकदा ऐकायचं. आणि यात आपण काय केलं? एक गेज घेतला. थोरल्यानं धाकट्याचा गेज घेतला, त्याला काय कोणी चोरी म्हणतं?

चहा संपला. दुसरा देऊ का, असं टपरीवाल्यानं विचारलं, तेव्हा धनलालला कळलं की दुसरा चहा पिणं म्हणजे ठरवणं आहे. तो उठला.

तिलकचा मोबाईल लागला नाही. नवेगावच्या जंगलाच्या त्या पट्ट्यात तेव्हा रेंजचा भरवसा नव्हता. धनलालनं श्यामलालकडून ऑईलचा डबा उचलला, पिवळ्या कडीचा गेज गमछ्यात गुंडाळला आणि रिकामा ट्रक आमगावच्या रस्त्याला लावला. मागे श्यामलाल ओरडला, "अबे, गेजशिवाय कोठं चालला?" धनलालनं हातच केला. आरशात त्याला दिसलं, मागे धूर नव्हता. कित्येक आठवड्यांनी नव्हता. एरवी तो खूश झाला असता.

देवरीच्या ढाब्यावर तिलकचा ट्रक उभा होता. तिलक खाटेवर बसून वरण-भात खात होता. भावाला पाहून तो ताटावरून अर्धा उठला.

"का झालं, दादा? माय त बरी आहे ना?"

"बरी आहे. जेव तू." धनलाल उभाच राहिला. "जेवून घे, मंग इंजिन पाहू."

"इंजिनाले का झालं? आताच गेज पाह्यला. फुल्ल आहे."

"फुल्ल नाही."

"अगा, आता पाह्यला मी!"

"तो गेज माहा आहे, तिलक." धनलालनं गमछा सोडला. "हा तुहा."

तिलकनं पिवळी कडी पाहिली. त्याला नवल वाटलं नाही. त्यानं पाण्याचा पेला उचलून हात धुतला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "माहीत आहे."

"तुले माहीत होतं?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच पाह्यली ना तुही तार. आंधळा होय का मी? म्हनलं, थोरल्याले आवडला असन. असू दे. गेजच त आहे."

धनलालला वाटलं, यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. चार लोकांत शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. चार महिने हा माणूस रोज सकाळी ते तारेचं वेटोळं ओढत होता आणि रोज आपल्याला माफ करत होता, आणि आपण त्याच्या ट्रकखाली वाकून माती पाहत होतो.

"काऊन नाही बोलला तू?"

"बोललो असतो त तू वापस दिला असता. मंग तुले वाईट वाटलं असतं."

दोघांनी बॉनेट उघडलं. पिवळ्या कडीचा गेज आत घातला, काढला. टोकालाही ऑईल नव्हतं. तिलकचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. तो डबा धरून ओतत राहिला आणि धनलाल गेज पाहत राहिला. वरच्या खुणेवर ऑईल आलं, तेव्हा डबा जवळजवळ रिकामा झाला होता. तिलकनं किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. दोघेही कान देऊन उभे राहिले. आत बेअरिंग खाल्लं असतं तर ठकठक ऐकू आली असती. एकही ठोका नव्हता. प्रेशरचा काटा वर गेला आणि तिथेच थांबला.

"वाचलं," तिलक म्हणाला.

"वाचलं," धनलाल म्हणाला, आणि ते खरंच त्याच्या मनातून आलं होतं. निदान त्या क्षणी.

तिलक चढावर निघून गेला. धनलालनं तारेचा गेज आपल्या इंजिनात घातला, काढला, पाहिला. बरोबर वरच्या खुणेवर.

पुढे काय झालं ते मुर्रीत सगळ्यांना माहीत आहे, कारण तिलकनंच ते सांगितलं. गेज कोणी बदलला हे त्यानं सांगितलं नाही. दसऱ्याला पाटावर अदलाबदल झाली, एवढंच सांगितलं. पण बाकी गोष्ट तो रंगवून सांगे. थेंबभर ऑईलवर माहा ट्रक चार महिने चालला, भरल्या लोडनं चढ चढला, पण हूं का चूं केलं नाही. मिलच्या गेटवर ही गोष्ट पोचली आणि शेठनं स्वतः ऐकली. श्यामलालनंही तिलकचं इंजिन मुद्दाम येऊन पाहिलं आणि कुडव्यात चारचौघांत म्हणाला, "ऐसा इंजिन मैंने नहीं देखा. कोरड्या पोटानं पहाड चढलं." हंगामाचं काम तिलकला मिळालं. धनलालच्या ट्रकचा धूर बंद झाला होता, त्यामुळे त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. पण जो ट्रक नुसता बरा आहे त्याची गोष्ट कोण सांगणार?

हे धनलालला फार लागलं. काम गेलं त्यापेक्षाही जास्त लागलं. एके संध्याकाळी जेवताना त्याच्यानं राहवेना.

"सारे त्याच्याच इंजिनाचं कौतुक करून राहिले. माह्या इंजिनानं काई कमी सोसलं का? चार महिने गळ्यापर्यंत ऑईल भरलं होतं त्याच्यात. एक सील नाही फाटलं. एक बेअरिंग नाही गेलं. ते कोनी बोलत नाही."

प्रेमिलानं त्याच्या ताटात भाजी वाढली. आजही तिखटच होती.

"कोनी कायले बोलावं जी?" ती म्हणाली. "त्याच्या ट्रकले उपास घडला. तुमच्या ट्रकले कोनी जबरदस्तीनं पाजत होतं का? तुमीच ओतत होते."

पुढच्या दसऱ्याला पाटावर पुन्हा दोन गेज आले. सुमित्राबाईनं दोन्हींना सारखंच हळदीकुंकू लावलं. संध्याकाळी तिलक पाटाशी येऊन थांबला, हात मागे बांधून.

"तू आधी घे, दादा."

धनलालनं खाली वाकून तारेचा गेज उचलला आणि गमछ्याला पुसला. किती पुसला तरी काळाच राहिला. पिवळ्या कडीचा तिथेच होता, झेंडूत, चकचकीत. त्यानं तो पाहिला, तिलकनं त्याला पाहताना पाहिलं, आणि धनलाल आपला गेज घेऊन निळ्या कॅबिनकडे निघून गेला.